डोंगरावरचं कन्नड

कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीशेजारी अवरेकाईचा ढीग पडला की मी कपाटातून स्वेटर काढते. थंडी असो की नसो. बंगळूरची थंडी ती काय! पहाटे जरा धुकं पडतं आणि रिक्षावाल्यांच्या डोक्यावर माकडटोप्या चढतात, झाली थंडी. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक नवं जोडपं राहतं. ती दोघं अर्ध्या बाह्यांत फिरतात आणि मला विचारतात, "काकू, याला तुम्ही विंटर म्हणता?" म्हणते बाई. जन्म गेला राजाजीनगरात, आता दुसरं काय म्हणू?

अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची सख्खी बहीण. शेंगा सोलताना बोटांना एक तेलकट वास लागतो, तो साबणानेही जात नाही. त्याला इथे सोगडु म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही, निदान मला तरी सापडलेला नाही. या दिवसांत सगळं गाव शेंगा सोलत असतं. दारात बायका, गल्ल्यावर दुकानदार, आणि टरफलांसाठी रस्त्याच्या मधोमध ठिय्या मारून बसलेल्या गायी. कितीही हॉर्न वाजवा, ढिम्म हलत नाहीत.

काल आईपुढे परातीत शेंगा ओतल्या आणि सहज विचारलं, "आई, तो हिवाळा आठवतो का गं तुला?"

"कुठला हिवाळा? इथे हिवाळा असतो होय?" ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. पण जरा वेळाने स्वतःशीच हसली. म्हणजे आठवत होता.

आज सकाळी दूध आणायला गेले तर बागेत स्काउटची मुलं जमली होती. गळ्यात स्कार्फ, हातात दोरीचे तुकडे. एक पोरगी उजवं टोक डाव्यावरून, मग पुन्हा उजवं डाव्यावरून असं पुटपुटत गाठ मारत होती आणि दर वेळी तिची गाठ सुटत होती. तिचे सर फोनवर बोलत होते. मला इतका मोह झाला जाऊन सांगायचा, की अगं बये, दुसऱ्यांदा उलटं घे, म्हणजे चौकोनी बसेल! गेले नाही. दुधाची पिशवी गार लागत होती आणि डोक्यात शिट्टी वाजायला लागली होती.

ती शिट्टी नंजुंडय्या मेष्ट्रुंची. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि रविवारी सकाळी स्काउट-गाइडचं पथक चालवायचे. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मैदानावर दव असायचं, कॅनव्हासचे बूट ओले व्हायचे, आणि निळ्या गणवेशाच्या आत काटा यायचा. मुलांच्या तुकड्या वाघ-सिंहांच्या नावाच्या, आम्हा मुलींच्या फुलांच्या. मी कमळ. मला वाघ व्हायचं होतं, पण विचारतो कोण! मेष्ट्रु बुटके, गोल, अर्ध्या चड्डीत फार गंमतशीर दिसायचे. पण त्यांनी शिट्टी वाजवली की मैदानावरची कुत्रीसुद्धा ताठ उभी राहायची. ते आम्हाला गाठी शिकवायचे, दगडांचे बाण मांडून वाट दाखवायला शिकवायचे, आणि रोज एक तरी चांगलं काम करा म्हणायचे. माझं रोजचं चांगलं काम ठरलेलं होतं. मी आईची जीभ होते.

आई वाईची. बाबा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यांच्यामागे ती आली. कारखान्यात बाबांचं इंग्रजी-हिंदीत भागायचं. मी गल्लीत खेळून कन्नड शिकले, कधी शिकले ते कळलंही नाही. आईचं मात्र गाडं अडलं ते अडलंच. भाजीच्या गाडीवर लागतील तेवढे शब्द तिने गोळा केले आणि पुढे दार लावून घेतलं. त्यात ही भाषा तिची थट्टा करायची. दुकानदार 'हौदु' म्हणाला, म्हणजे 'हो', की ही विचारायची, कसला हौद? शेजारची बाई रोज दुपारी प्रेमाने विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? आईने ते 'उठा, आयतं' असं ऐकलं. ही बाई मला रोज टोमणा मारते, मी आयतं खाते म्हणते, म्हणून तिने कितीतरी दिवस त्या बाईशी धरलेला अबोला! बाबा हसून हसून पडले होते. आई हसली नव्हती. आता विचार करते तेव्हा वाटतं, ज्या गावात प्रेमाचा शब्दही टोमण्यासारखा ऐकू येतो तिथे माणूस दार लावून घेणार नाही तर काय करणार?

त्यामुळे बँक, डॉक्टर, रॉकेलची रांग, शिंप्याकडे ब्लाउज, सगळीकडे मला जावं लागायचं. आई मराठीत बोलायची, मी कन्नडात. खेळ ऐन रंगात यायचा आणि खिडकीतून हाक यायची, "नीलू, चल गं, शिंप्याकडे जायचंय." मी पाय आपटत जायचे. एकटी ती कोपऱ्यापलीकडे कधी गेली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या पथकातल्या मुलींच्या कॅप्टनबाई लेकीच्या बाळंतपणाला म्हैसूरला गेल्या. बरोबर बाईमाणूस नसेल तर मुलींना बाहेर न्यायचं नाही, असा नियम. म्हणजे आमची भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेतली सेवा गेली, मागडीकडच्या डोंगराची चढाई गेली, सगळं मुसळ केरात. मुली रडकुंडीला आलेल्या. मेष्ट्रुंनी एकेकीच्या आईला विचारलं. कुणाची नोकरी, कुणाचं तान्हं मूल, कुणाच्या सासूबाई. आणि एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले, संपूर्ण गणवेशात.

त्यांनी बाबांपुढे हात केला तो डावा. स्काउट डाव्या हातानेच हात मिळवतात, काळजाच्या बाजूचा म्हणून. हे बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी उजवा पुढे केला, मग डावा, मग दोन्ही. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "डावा हात?" ती मला कुजबुजली, "एवढे मास्तर आहेत आणि वळण नाही होय काही?"

मेष्ट्रुंनी येण्याचं कारण सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं. आईने डोक्यावर बर्फ ठेवल्यासारखं अंग चोरलं. "मी? अगंबाई! मला कन्नड कुठे येतं? त्यांना सांग, मी आपली घरातच बरी."

मी सांगितलं. मेष्ट्रु हसले आणि थेट आईकडे बघून सावकाश म्हणाले, "अक्का, मातु बेडा. कण्णु साकु." बोलायला नको, डोळे पुरेत.

'बेडा' म्हणजे नको आणि 'साकु' म्हणजे पुरे, हे दोन्ही शब्द भाजीच्या गाडीवरचे. मी तोंड उघडायच्या आत आईला कळले होते. परमुलखात तिला पहिल्यांदाच कुणीतरी अक्का म्हणून, तिला समजेल अशा शब्दांत काही मागितलं होतं. ती पदराशी चाळा करत राहिली. शेवटी बाबांना म्हणाली, "पोरींचं अडतंय म्हणून जाते हं. एकदाच."

बसवनगुडीतली ती शेंगांची जत्रा, कार्तिकातली. रस्त्याच्या दोन्ही कडांना भुईमुगाचे डोंगर, पायाखाली टरफलांचा कुरकुराट, धूळ, पिपाण्या, भाजक्या शेंगांचा धूर. आम्ही पाणी वाटायचो, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून द्यायचो. मेष्ट्रुंनी आईला हरवलेल्या मुलांच्या मांडवात बसवलं. आणि काय सांगू! रडणाऱ्या मुलाला कुठे भाषा असते? कन्नड रडणं, तमिळ रडणं, तेलुगू रडणं, सगळी एकाच सुरात. आई एकाला मांडीवर घ्यायची, दुसऱ्याचं नाक पुसायची, तिसऱ्याला 'अडगुलं मडगुलं' म्हणून दाखवायची. पोरं टकामका बघत गप्प व्हायची. धावत येणाऱ्या आयांचे चेहरे तिने पाहिले. त्या हातच जोडायच्या, त्यालाही भाषा लागायची नाही. परतताना बसमध्ये तिच्या साडीवर कुणाकुणाच्या शेंबडाचे डाग होते आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती. एरवी बसमध्ये ती माझा हात धरून खाली बघत बसायची.

रात्री बाबांना म्हणाली, "डोंगरालाही जाईन म्हणते."

आजकाल अशा चढाईला साहसी शिबिर म्हणतात. हेल्मेट असतात, कंबरेला पट्टे असतात, पालक गाडीतून सोडायला येतात आणि संध्याकाळपर्यंत फोनवर फोटो पोचतात. बरंच आहे, मी नावं ठेवत नाही. आमच्याकडे एक दोर होता, तो खांद्यावर वाहणारी पथकातली थोरली मुलं, एक औषधाची पेटी आणि मेष्ट्रु. शिवाय बाबांचे जुने कॅनव्हासचे बूट घातलेली आई. पदर खोचून, कासोट्यासारख्या निऱ्या वर घेऊन ती चढायला लागली आणि आम्ही बघतच राहिलो. अहो, वाईची पोर ती! लहानपणी पांडवगडावर शेळ्यांमागे हिंडलेली. आम्ही धापा टाकत होतो आणि ही वर पोचून वाऱ्यात उभी. मुलींनी टाळ्या वाजवल्या. "आंटी सूपर!" भाग्या ओरडली.

भाग्या आमच्यातली सगळ्यात धाकटी. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, एक मिनिट स्वस्थ नाही. तिची आई तिला पाठवायलाच तयार नव्हती. बाई फार कडक. बरोबर नीलूची आई आहे, असं कळल्यावर तिने होकार दिला होता. बस सुटताना तिने आईचा हात धरून काहीतरी सांगितलं होतं. आईने मान डोलावली होती. न कळताही कळण्यासारखं होतं ते.

दुपारी आम्ही भांड्यांशिवाय स्वयंपाक केला. हीसुद्धा स्काउटांची एक परीक्षा. तापल्या दगडावर भाकरी थापायची, बटाटे मातीत लिंपून निखाऱ्यात पुरायचे. आईला ते काही केल्या पटेना. "भांडी नाहीत म्हणजे काय? सांगितलं असतं तर मी दोन पातेली आणली नसती का?" मग तीच दगडापाशी बसली आणि अशी भाकरी थापली की मेष्ट्रु शिट्टी वाजवायची विसरले.

जेवणानंतर वाट शोधण्याचा खेळ होता. जोडीजोडीने मुलींनी माथ्यावरून निघायचं आणि दगडांच्या बाणांवरून खाली चिंचेच्या झाडापाशी पोचायचं. अर्ध्यावर वाटेला फाटा फुटायचा. उजवी वाट पायऱ्यांची. डावी घाणेरीच्या झुडपांतून जाऊन एकदम उघड्या कातळावर निघायची. तो कातळ नुसता घसरडा उतार, आणि त्याच्या खाली काही नाही. म्हणून मेष्ट्रुंनी आईला फाट्यावर उभं केलं. डावीकडे कुणी वळलं तर परत पाठवायचं, एवढंच काम. त्याला बोलायची गरजच नव्हती. तिच्या गळ्यात शिट्टीही अडकवली. मी पहिल्या जोडीत होते, खाली पोचून चिंचेखाली बसले होते.

सगळ्या आल्या, भाग्या आली नाही. तिच्या जोडीदारणीने सांगितलं, मोराचं पीस दिसलं म्हणून ती मागे राहिली. आम्ही खालून 'भाग्या, भाग्या' अशा हाका घातल्या, त्या फाट्यावर आईला आणि माथ्यावर मेष्ट्रुंना ऐकू गेल्या, आणि मेष्ट्रु शोधायला वळले. पुढचं मला त्यांनी आणि आईने नंतर सांगितलेलं. मेष्ट्रुंना माथ्यावरून घाणेरीच्या झुडपांत निळा फ्रॉक दिसला, डाव्या वाटेच्या बाजूला सरकणारा. त्यांनी तोंडाशी हात धरून फाट्यावरच्या आईला हाक दिली, "अक्का! अल्ली! अल्ली!" आणि हात हलवून दाखवलं. अल्ली म्हणजे तिकडे. ती तिकडे आहे, तिकडे जा.

आईने ऐकलं, "आली! आली!"

तिने दोन्ही हात वर करून आनंदाने हलवले. मेष्ट्रुंना वाटलं, अक्काला कळलं, ती आता मुलीला अडवेल. आईला वाटलं, मुलगी सापडली. दोघंही निश्चिंत झाली. आणि ज्या फाट्यावर उभं राहायचं तो सोडून आई पायऱ्यांनी खाली आमच्याकडे आली.

"आली गं भाग्या!" ती हसत म्हणाली, "मास्तर वरून ओरडून सांगत होते, आली, आली म्हणून. देव पावला."

मी क्षणभर हसलेही असेन. मग मला कळलं. "आई," मी म्हटलं, "मेष्ट्रुंना मराठी कुठे येतं?"

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिने मला काही विचारलं नाही, नुसती वळली आणि धावत सुटली. मी मागे. बाबांच्या बुटांत तिचे पाय आत-बाहेर होत होते. फाट्यावर कुणी नव्हतं. डाव्या वाटेवर घाणेरीत एक मोराचं पीस पडलं होतं.

भाग्या कातळावर होती. घसरत अर्ध्यावर गेली होती आणि तिथल्या एका खाचेत, गवताच्या झुबक्याला एका हाताने धरून बसली होती. दुसरा हात पोटाशी. हनुवटीला रक्त, एका पायात बूट नाही. आम्हाला बघून ती रडली आणि उठायला लागली. उठली असती तर संपलंच होतं.

कन्नड मला येत होतं. हलू नकोस, एवढंच तर म्हणायचं होतं! पण माझ्या तोंडून आवाज फुटेना. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

"बेडा!" आई ओरडली. "बेडा, पुट्टी, बेडा!" नको, बाळ, नको.

भाग्या थांबली. आईने जीव खाऊन शिट्टी फुंकली, मग कातळाच्या कडेला पालथी पडून खाली बघत राहिली. मेष्ट्रु आणि दोरवाली मुलं पोचेपर्यंत त्या पोरीला तिथेच बसवून ठेवायचं होतं. दोरी नव्हती, हात पोचत नव्हता. बोलणं तेवढं पोचत होतं. आणि आईजवळ बोलायला होतं काय, तर भाजीची गाडी.

"पुट्टी," आई म्हणाली, "टोमॅटो एष्टु?" टोमॅटो कसे दिले?

भाग्या बघतच राहिली.

"टोमॅटो, टोमॅटो! एष्टु?"

"गोत्तिल्ला," भाग्या मुसमुसली. माहीत नाही.

"बदनेकाई एष्टु?" वांगी कशी?

भाग्याने काहीतरी भाव सांगितला, अगदी बारीक आवाजात. "अय्यो! जास्ती आयतु!" आई ठसक्यात म्हणाली, गाडीवाल्याला म्हणायची तस्सं. फार झाले! "कडिमे माडी." कमी करा. भाग्याने नाक ओढलं आणि भाव कमी केला. आईला तरी पटेना. मग कोथिंबीर झाली, कांदे झाले, दुधी झाला. शेवटी "कोथिंबीर फुकट?" या अर्थाचं काहीतरी मोडकंतोडकं आईने विचारलं, तेव्हा ती पोर रडता रडता फिसकन हसली, "आंटी, फ्री इल्ला!" आणि तेवढ्यात मागे पळत्या पावलांचा आवाज आला.

एका टोकाला झाड, एका टोकाला मेष्ट्रु. ज्या गाठींवर आम्ही रविवार रविवार कंटाळून जांभया दिल्या होत्या त्यांतली एक त्यांच्या कंबरेला होती. ते खाली गेले, भाग्याला पाठीशी बांधलं, मुलांनी ओढलं. ती वर आली तेव्हा आई तिला कवेत घ्यायला पुढे झाली आणि मध्येच थांबली. तो हक्क आपला नाही असं तिला वाटलं. भाग्याच तिच्या कुशीत घुसली. मनगट मोडलं होतं, हनुवटीला टाके पडले. पण पोर जिवंत होती, देवाची कृपा.

बसमध्ये आई मला म्हणाली, "मास्तरांना सांग, चूक माझी."

मी सांगितलं. मेष्ट्रु म्हणाले, "बोलायला नको असं अक्कांना मीच सांगितलं होतं. ते चुकलं."

आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "उगीच सावरून घेऊ नका म्हणावं." ते काही मी पोचवलं नाही.

त्यानंतर आई मिटली. दुसरा शब्द नाही त्याला. भाजीची गाडी आली की ती मला पाठवायची. शेजारणीने "ऊटा आयता?" विचारलं तर मान हलवून आत जायची, अर्थ ठाऊक असूनही. ज्या कानांनी असा घात केला त्यांच्यावर तिचा भरवसाच उरला नव्हता. मैदानावर आया कुजबुजत होत्या, मुलींना आता कुठेही पाठवायचं नाही म्हणत होत्या. भाग्याची आई काय म्हणते तिकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. तिने जर पाठ फिरवली तर मुलींचं पथक बंद पडणार, हे उघड होतं. पण खरं सांगते, मला पथकाची फिकीर नव्हती. मला भीती वाटत होती की आई आता घराबाहेर कधीच पडणार नाही. मांडवात परक्या पोरांची नाकं पुसणारी, डोंगरावर वाऱ्यात उभी राहिलेली ती बाई मला नुकती कुठे भेटली होती. ती मला हवी होती.

आणि पुढच्या रविवारी सकाळी आईने इस्त्रीची साडी काढली.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"भाग्याच्या घरी."

"मग नीलूला ने बरोबर, बोलायला."

"माफी मागायला दुभाषा नेतात का कुणी?" आई म्हणाली.

"निदान थोडी फळं तरी ने."

"कशाला? पोरीचा हात मोडला म्हणून पेढे-फळं वाटू?" तिने चपला घातल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घर तेच ना गं, पिठाच्या गिरणीच्या पुढचं, निळ्या फाटकाचं?" मी मान हलवली. ती गेली. कोपऱ्यापर्यंत मला दिसली, मग दिसेनाशी झाली. तिच्यासोबत कुणी नव्हतं, हे बघायची मला सवयच नव्हती.

फार वेळ लागला. बाबांनी पेपर उघडला, मिटला, परत उघडला. "मी जाऊन येतो," म्हणून उठले, आणि "नको, तिला आवडायचं नाही," म्हणून बसले. मी खिडकीत. एकदा वाटलं, वाट चुकली असेल. एकदा वाटलं, त्या बाईने दारातूनच हाकललं असेल आणि आई कुठेतरी पायरीवर बसली असेल.

शेवटी फाटक वाजलं. आई दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. चेहरा लाल, डोळे सुजलेले.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"बोलली. एवढी बोलली मला, एवढी बोलली! बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. माझं लेकरू तुमच्या भरवशावर धाडलं होतं म्हणाली. डोळे नाहीत का तुम्हाला, म्हणाली." आई थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी नवलाचं होतं. "आणि मला कळत होतं हो! सगळं कळत होतं तिचं. आईचंच बोलणं ते, मीही हेच बोलले असते."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कण्णु इदे, किवि इल्ला." डोळे आहेत, कान नाहीत. "बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग ती गप्प झाली. हसली नाही, पण गप्प झाली. भाग्या आतून धावत आली, हाताला प्लास्टर. मला कोथिंबिरीचा भाव विचारत होती, लबाड. मग ती बाई मला फाटकापर्यंत सोडायला आली, आणि मी वळले तेव्हा म्हणाली..." आईने उंबऱ्यावर हात टेकला आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर जपून म्हटलं, "मुंदिन सल कै बिडबेडि. कै म्हणजे हात. बिडबेडि म्हणजे सोडू नका. एवढं मला कळलं. पण मुंदिन सल म्हणजे काय, नीलू? मला वाटतंय तेच आहे का? नीट सांग बाई. ती म्हणाली ते सांग, मला ऐकायचंय ते नको."

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.

"काय?"

"पुढच्या वेळी हात सोडू नका, म्हणाली ती."

"पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी, आई."

आई तशीच दारात उभी राहून ढसाढसा रडली. बाबा धावले. मग तिने पदराने तोंड पुसलं, आणि तेव्हा कुठे चपला काढून आत आली.